खांदा जास्त मागे गेलेल्या पुंगळ्या: कुठली वाचते, कुठली वाचत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बोल्ट रायफल (हाताने बोल्ट मागेपुढे करून भरायची), .३०८ विंचेस्टर काडतूस. त्याच रायफलमधून एकेकदा उडवलेल्या १२० पुंगळ्या. (पुंगळी म्हणजे काडतुसाचं पितळी कवच: खाली भरीव बूड आणि त्यात प्रायमर, म्हणजे पिन आदळली की पेटणारी टोपी; वर गोळी धरणारी अरुंद मान; आणि अंग मानेकडे जिथे निमुळतं होतं तो खांदा.) फुल-लेंग्थ डाय (उडून फुगलेली पुंगळी दाबून पुन्हा मापाला आणणारा, म्हणजे साइझ करणारा, प्रेसमधला साचा) माहितीपत्रकात दिल्याप्रमाणे बसवली, म्हणजे शेल होल्डरला (प्रेसमध्ये पुंगळीचं बूड धरणाऱ्या भागाला) टेकेपर्यंत आणि त्यानंतर आणखी पाव फेरा खाली. ८ राखून ठेवून बाकी सगळ्या साइझ झाल्या, त्यातल्या ४० भरून उडवल्याही. मग कंपॅरेटर (खांद्याची जागा मोजायचं साधन) हाती आला आणि कळलं की खांदा ११ थाउ मागे गेलाय. घाबरून डाय वर घेतली आणि राखून ठेवलेल्या त्या ८ नव्या सेटिंगवर साइझ केल्या, तर त्यांच्यावर बोल्टच बंद होईना. १५ पुंगळ्यांच्या खांद्याला पोचे आलेत आणि एक डायमध्ये अडकून बसलीय. उरलेल्या ५६ साइझ झाल्यात, पण उडवलेल्या नाहीत. यातलं काय वाचेल, असं तुम्ही विचारलंय. (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढा.)

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. खांदा मागे गेल्याने पुंगळी खराब होत नाही. खांदा मागे गेलेला असताना ती उडवली की खराब होते. म्हणून तुमच्या ५६ आणि ४० यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्या एकाच डब्यात पडलेल्या असतील तर आत्ता उठा आणि वेगळ्या करा. उडवलेलीला प्रायमरवर पिनेचा ठसा असतो आणि मानेत काजळी असते, तेव्हा आज ओळखता येतील. एकदा धुऊन, प्रायमर काढून पुन्हा साइझ झाल्या की कुठली कोण हे कुणालाच सांगता येणार नाही.

आत काय घडतं ते नीट पाहू. .३०८ ही पुंगळी चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीत, खांद्यावर टेकून थांबते. खांदा मागे असला की पुंगळी आणि बोल्टच्या तोंडामध्ये तेवढी पोकळी राहते. पिन प्रायमरवर आदळते आणि पुंगळीला पुढे ढकलते, तिचा खांदा चेंबरच्या खांद्याला भिडतो, सगळी पोकळी बुडामागे जमा होते. दाब चढायला लागला की पुढच्या भागाच्या पातळ भिंती फुगून चेंबरला घट्ट चिकटतात. बूड मात्र भरीव असतं, ते फुगत नाही आणि चिकटतही नाही. पुढचा भाग जागेवर धरलेला आणि बुडावर मागे ढकलणारा दाब, अशा ओढाताणीत बूड सरकत सरकत बोल्टला जाऊन टेकतं. हे ११ थाउ येतात कुठून? भिंत जिथे भरीव बुडाला मिळते त्याच्या जरा वरचा पट्टा ताणला जातो, तिथून. बुडापासून साधारण एक सेंटीमीटरवर आतल्या बाजूला एक खाच पडते. पुढच्या वेळी ती खोल होते आणि एखाद्या वेळी पुंगळी तिथेच तुटते. .३०८चा कमाल दाब ६२,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) ठरवलेला आहे. तो वायू त्या फटीतून मागे आला तर नेमबाजाच्या तोंडाच्या दिशेने येतो. चष्म्याशिवाय रायफलमागे बसू नका, हे मी दर वेळी सांगतो ते याचसाठी.

माझ्या पहिल्या वर्षी .३०-०६ मध्ये हे झालंय. आवाज नेहमीसारखाच होता, फक्त गालावर गरम फुंकर बसली. बोल्ट उघडला तर हातात पुंगळीचा बुडाकडचा बोटभरसुद्धा नसलेला तुकडा आला, बाकीची पुंगळी चेंबरमध्येच. ती पाचव्यांदा उडवलेली होती आणि पाचही वेळा मी डाय शेल होल्डरला टेकवून साइझ केली होती. तुटलेल्या कडेकडे पाहिलं तर जवळजवळ सगळा घेर जुना, काळा पडलेला होता आणि ताजं चकचकीत पितळ फक्त नखाएवढं. म्हणजे ती आधीच तुटत आली होती आणि तेवढ्या नखभर पितळावर मी ती भरून उडवली होती. तो तुकडा अजून माझ्या बाकावर असतो.

आता तुमच्या ४०. त्यांची तपासणी सोपी आहे पण घाईची नाही. कागदाला लावायची साधी तारेची क्लिप सरळ करा. एका टोकाला कानशीने धार द्या आणि ते टोक दोन-तीन मिलिमीटरवर काटकोनात वाकवा. ही तार मानेतून आत घालून तळापर्यंत न्या आणि टोक भिंतीला टेकवून हळूहळू वर ओढा. चांगल्या पुंगळीत तळाचा गोलावा सोडून टोक भिंतीवर चढतं आणि गुळगुळीत वर येतं. खाच असेल तर तिथे टोक अडखळतं, अगदी नखाला कपबशीची चीर जाणवावी तसं. चारही बाजूंनी ओढून बघा, कारण खाच कधी कधी एकाच बाजूला खोल असते. हाताला खात्री नसेल तर त्या ४० मधली एक बळी द्या: हॅकसॉने उभी कापा, काप कानशीने सारखा करा आणि भिंतीची जाडी डोळ्यांनी पाहा. त्याच पुंगळीत कापण्याआधी तार फिरवलेली असेल तर बोटाला काय जाणवलं आणि डोळ्याला काय दिसलं याची सांगड बसते. एवढ्या एका पुंगळीत हात तयार होतो, म्हणून मी तिला वाया गेली म्हणत नाही.

बाहेरून दिसणाऱ्या रेघेवरून फसू नका. बुडाजवळ जिथे डायची पकड संपते तिथे एक चकचकीत कडा दिसते, ती जवळजवळ प्रत्येक साइझ केलेल्या पुंगळीवर असते आणि निरुपद्रवी असते. काळजीची रेघ तिच्या जरा वर, बारीक, फिकट आणि घेरभर फिरणारी असते. बाहेरून ती दिसायला लागली म्हणजे आत बरंच काही होऊन गेलेलं असतं. तार अडखळली की पुंगळी बाद. तिला सांडशीने चेपून भंगारात टाका, म्हणजे चुकून परत यायची नाही. हलक्या लोडला (कमी पावडरला) वापरू, असं मनात येतं. नको. ज्या पुंगळीची भिंत किती उरलीय हे मोजता येत नाही तिला हलकं काय आणि भारी काय.

तार न अडखळलेल्या पुंगळ्या पुढे वापरता येतात, पण त्यांचं आयुष्य कमी झालेलं आहे. एकदा ११ थाउ ताण खाल्लेल्या पुंगळ्या मी वेगळ्या डब्यात ठेवतो, डब्यावर तसं लिहितो आणि दर वेळी भरण्याआधी तार फिरवतो. उडवल्यामुळे त्यांचा खांदा आता परत पुढे, चेंबरच्या मापाला आलेला आहे. त्यांना आता पुन्हा मागे ढकलू नका.

५६ पुंगळ्यांकडे वळण्याआधी माप पक्कं करू. कंपॅरेटरवरचा आकडा म्हणजे हेडस्पेसचं (बोल्टच्या तोंडापासून चेंबरच्या खांद्यापर्यंतच्या अंतराचं) खरं माप नव्हे. तो फक्त तुलनेसाठी आहे, त्याच कंपॅरेटरने, त्याच व्हर्निअरने, त्याच हाताने. उडवलेल्या चार-पाच पुंगळ्या घ्या आणि आधी त्यांचे जुने प्रायमर काढा. पिनेच्या ठशाभोवती उठलेली कड एक-दोन थाउ खोटं माप देते आणि माणूस तिथेच फसतो. पितळ उडाल्यावर जरा आत परततं, त्यामुळे उडवलेली पुंगळी चेंबरपेक्षा किंचित लहान असते. एकदाच उडवलेली तर चेंबरभर पुरती फुगलेलीही नसते. शंका असेल तर बोल्टमधली पिन आणि स्प्रिंग काढा, इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) काढता येत असेल तर तोही काढा. असा मोकळा बोल्ट नुसत्या स्वतःच्या वजनाने खाली पडतो. पुंगळी घालून बघा. ज्या मापाला तो जरासा अडकायला लागतो ते तुमच्या चेंबरचं माप. कुठल्याही यंत्रापेक्षा हा बोल्ट मला जास्त खरं सांगतो.

मग किती फरक चालतो? बोल्ट रायफलला खांदा चेंबरपेक्षा एक-दोन थाउ मागे पुरतो. सेमी-ऑटोला (पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या रायफलला) तीन-चार लागतात. पण याचा अर्थ पाच थाउ मागे गेलेली पुंगळी फेकायची असा नाही. .३०८चं प्रमाणित माप पाहा. चेंबर १.६३० ते १.६४० इंचांमध्ये कुठेही असू शकतं आणि कारखान्याचं काडतूस १.६२७ ते १.६३४ मध्ये. म्हणजे दुकानातून आणलेलं नवं काडतूसही चेंबरमध्ये सहा-सात थाउ सैल असू शकतं, आणि आपण ते निर्धास्त उडवतो. फरक एवढाच की ते एकदाच. तेव्हा पाच-सहा थाउ मागे गेलेली, नीट जपलेली पुंगळी असेल तर मी ती सुरुवातीच्या लोडने (पुस्तकात दिलेल्या सगळ्यात कमी पावडरने) एकदा उडवतो, ती चेंबरच्या मापाला येते, आणि तिथून पुढे डाय नीट लावतो. ११ थाउ मात्र मी तसाच सोडत नाही. तिथे पुंगळी उडताना बोल्टच्या तोंडाला घट्ट धरून ठेवायची, एवढंच काम असतं. बूड मागे टेकलेलं असेल तर सरकायला जागाच नाही. मग दाबाने खांदा पुढे फुगतो आणि बुडाजवळची भिंत ताणली जात नाही. खांद्याकडचं पितळ पातळ आणि नरम असतं, त्याला ही हालचाल सोसते.

धरून ठेवायच्या दोन रीती आहेत.

पहिली म्हणजे गोळी लांब बसवायची, इतकी की बोल्ट बंद करताना ती बॅरलच्या आतल्या पिळाच्या खाचांना भिडेल आणि काडतूस मागे रेटून धरेल. सोपी वाटते, पण मानेची पकड चांगली हवी, नाहीतर गोळी मुकाट्याने आत सरकते आणि आपल्याला वाटतं पुंगळी धरलेली आहे. खाचांपर्यंतचं अंतर जास्त असलेल्या चेंबरमध्ये गोळी पोचतच नाही. मॅगझिनमध्ये बसत नाही, एकेक भरावं लागतं. न उडवता बोल्ट उघडला तर गोळी बॅरलमध्ये अडकून राहते आणि पावडर सगळ्या अॅक्शनमध्ये सांडते. शिवाय खाचांना दाबून बसवलेल्या गोळीने दाब वाढतो, म्हणून लोड पुस्तकातलाच, सुरुवातीचा.

दुसरी रीत खोट्या खांद्याची. मला तीच जास्त भरवशाची वाटते आणि तुमच्या ५६ साठी मी तीच सांगेन. मानेच्या आत हलकं ल्यूब (वंगण) लावून .३३८च्या निमुळत्या एक्सपांडरने (मान आतून रुंदावणाऱ्या दांड्याने) मान मोठी करा. मग आपली .३०८ची साइझिंग डाय चांगली दोन फेरे वर ठेवून तीच पुंगळी तिच्यात घाला. डाय मानेचा वरचा भाग पुन्हा .३०८ला आणते, पण मानेच्या मुळाशी, खऱ्या खांद्याच्या जरा वर, एक जाड कडं तसंच राहतं. पुंगळी आता या कड्यावर टेकणार आहे. काढून पुसा आणि मोकळ्या बोल्टने चेंबरमध्ये घालून बघा. बोल्ट बंद होणार नाही. डाय थोडी खाली, पुन्हा पुंगळी, पुन्हा बोल्ट. कडं दर वेळी जरा खाली सरकतं. शेवटी एक जागा येते जिथे बोल्टची मूठ शेवटच्या टप्प्यात लोण्यात सुरी शिरावी तशा हलक्या विरोधाने खाली जाते. तीच जागा. लॉक रिंग (डाय जागेवर पक्की धरणारी कडी) तिथे आवळा आणि बाकीच्या त्याच सेटिंगवर करा, पण पहिल्या पाच-सहा तरी चेंबरमध्ये घालून बघा. बोल्ट जोर लावून बंद करायला लागत असेल तर डाय अजून खाली हवी. जोराचा हट्ट नको, लगवर (बोल्ट अडकवून धरणाऱ्या दातांवर) पितळ आणि पोलाद दोन्ही घासतात.

अशा पुंगळ्या सुरुवातीच्या लोडने उडवल्या की खोटा खांदा नाहीसा होतो आणि खरा खांदा चेंबरच्या जागी येतो. लांबी बदलते, म्हणून मोजा. .३०८ची कमाल लांबी २.०१५ इंच आहे, कापायची २.००५. यापेक्षा लांब झालेली मान चेंबरच्या टोकाशी गोळीला आवळते आणि दाब उगाच वाढतो. सुरुवातीच्या लोडच्या खालीही जाऊ नका. फारच हलक्या लोडमध्ये पुंगळी चेंबरभर फुगत नाही, उलट प्रायमर बुडाबाहेर डोकावतो आणि खांदा होता तिथेच राहतो. म्हणजे मेहनत वाया. हे काम बोल्ट रायफलमध्येच करा. सेमी-ऑटोत ताठ बसणारं काडतूस म्हणजे पूर्ण न मिटलेला बोल्ट, आणि तो धोका पत्करण्याइतकी कुठलीच पुंगळी मोलाची नसते.

मान मोठी आणि परत लहान करताना पितळ कडक होत जातं. पुंगळीचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. थंड अवस्थेत जितकं ठोकाल, दाबाल तितकं ते ताठ होतं. चार-पाच वेळा उडवलेल्या पुंगळ्यांवर हा प्रयोग केला तर काही माना उभ्या चिरतात. तुमच्या एकदाच उडवलेल्या आहेत, त्यामुळे बहुतेक टिकतील. जुन्या असतील तर आधी मान नरम करून घ्या, म्हणजे मान आणि खांदा तेवढाच ज्योतीत काही सेकंद फिरवायचा. तापमान दाखवणारा रंग वापरत असाल तर मानेवर ४०० अंश सेल्सिअसच्या आसपासचा आणि बुडाच्या बाजूला २३० अंशांचा लावतात. वरचा वितळला पाहिजे, खालचा वितळता कामा नये. बूड तापलं तर ती पुंगळी संपली. बुडाचं पितळ कारखान्यात मुद्दाम कडक ठेवलेलं असतं, तेच सगळा दाब पेलतं, आणि एकदा नरम झालं की आपल्या बाकावर ते परत कडक करायचा उपाय नाही.

तिसरी एक रीत तुमच्या कानावर येईल: पुंगळीला बाहेरून तेल लावून उडवायची, म्हणजे भिंती चेंबरला चिकटणार नाहीत, सबंध पुंगळी मागे सरकेल आणि खांदा पुढे फुगेल. कल्पना चुकीची नाही, पुंगळी तशीच वागते. पण भिंतींच्या चिकटण्याने जो भार चेंबर घेत होतं तो मग बोल्टवर जातो. वरची वाट उपलब्ध असताना मी बोल्टवर तो भार टाकणार नाही. सुकी मान घट्ट एक्सपांडरवरून ओढून खांदा पुढे खेचायचा, असंही कुणी सांगेल. खांदा येतो पुढे, पण एका पुंगळीत दोन थाउ, दुसरीत सहा, आणि मान वाकडी होते ते वेगळंच.

५६ पैकी काही तुम्ही आधीच भरून ठेवल्या असतील तर त्या उडवून संपवू नका. गोळी ओढून काढा, पावडर परत घ्या आणि पुंगळी वरच्या वाटेने न्या. भरलेलं काडतूस साइझिंग डायमध्ये घालून माप सुधारायचा विचारही मनात आणू नका.

आता ज्या ८ वर बोल्ट बंद होत नाही त्या. या सगळ्यात सोप्या, फक्त कारण ओळखायला हवं. डाय आधी पुंगळीचं अंग दाबते, आणि दाबलेलं पितळ वर जातं. त्यामुळे अर्धवट साइझ केलेल्या पुंगळीचा खांदा उडवलेल्यापेक्षाही एक-दोन थाउ पुढे येतो. डायचा खांदा पुंगळीच्या खांद्याला भिडला की तो परत मागे जायला लागतो. तुम्ही डाय नेमकी या मधल्या टप्प्यावर थांबवली. तीच पुंगळी थोडी खाली डाय घेऊन पुन्हा साइझ करा, काम झालं. मात्र डाय खाली घेऊनही माप हलत नसेल तर संशय एक्सपांडरवर घ्या. मानेत ल्यूब नसेल तर बाहेर येताना तो खांद्याला पुढे ओढतो. ताडून पाहायला एक पुंगळी एक्सपांडर काढून साइझ करा आणि मोजा, मग एक्सपांडर लावून मोजा. आकडा बदलला तर गुन्हेगार सापडला.

खांद्यावर पोचे आलेल्या १५ पुंगळ्यांना ल्यूब जास्त झालंय. तेल किंवा मेण दबत नाही. त्याला बाहेर जायला वाट मिळाली नाही की ते पितळालाच आत ढकलतं. गोल, उथळ, बोटाला सौम्य लागणारा पोचा असेल तर काही बिघडलेलं नाही, पुढच्या वेळी उडवल्यावर तो आपोआप निघतो. घडीसारखी टोकदार कड असेल तर पितळ तिथे दुमडलेलं आहे आणि ती चिरते. त्या काढून टाका. उरलेल्यांचाही खांदा मागे गेलेला असणार हे विसरू नका, त्यांना ५६ बरोबरच खोट्या खांद्यावर घ्या. आणि डायच्या मानेजवळचं हवा जाण्याचं बारीक भोक मेणाने बुजलंय का ते आज बघा.

अडकलेली पुंगळी वाचत नाही, डाय वाचवायची असते. डीकॅपिंग रॉड (जुना प्रायमर ढकलून काढणारी डायमधली कांडी) जितकी वर घेता येईल तितकी घ्या. प्रायमरच्या भोकातून ७ नंबरचं ड्रिल मारा, पाव इंची २० आट्यांचा टॅप फिरवा आणि वर एक ठोकळा ठेवून बोल्टने ती बाहेर ओढा. हातोड्याने रॉडवर ठोकू नका, रॉड वाकते आणि पुंगळी तशीच राहते. निघाल्यावर डाय आतून स्वच्छ करा. आत पितळाचा कण चिकटलेला राहिला तर पुढच्या प्रत्येक पुंगळीवर उभी ओरखड्याची रेघ येत राहील.

ओरखडे, डाग घालवायला घरातलं पितळेचं पॉलिश लावायचा मोह होतो. त्यात अमोनिया असेल तर लावू नका. ब्रिटिश काळात भारतातल्या लष्कराची काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकत असत. तबेल्याजवळ साठवलेल्या दारूगोळ्यात हे विशेष व्हायचं. ताणाखालचं पितळ अमोनियामुळे तडकतं, हा उलगडा १९२१ मध्ये झाला. साइझ केलेली पुंगळी म्हणजे ताणाखालचंच पितळ.

तुमच्या प्रश्नात नाही, पण याच्याच जवळचं एक. .२२३ रेमिंग्टनचा खांदा पार चेपला असेल, तोही दुमडून, तरी तिच्यापासून .३०० ब्लॅकआउट या दुसऱ्या काडतुसाची पुंगळी बहुतेक वेळा करता येते. .३०० ब्लॅकआउटची पुंगळी १.३६८ इंचांची, म्हणजे .२२३चा खांदा सुरू होतो त्याच्याही खाली. चेपलेला भाग कापूनच टाकायचा आणि खालच्या अंगातून नवी मान आणि खांदा तयार करायचा. भिंत जाड असलेल्या पुंगळीत मानेची जाडी मोजून घ्यावी लागते, एवढंच. पण ही दोन काडतुसं एकाच बाकावर भरत असाल तर डबे, खुणा, मॅगझिन सगळं वेगळं ठेवा. .३००चं काडतूस .२२३च्या चेंबरमध्ये शिरून उडालं की बॅरल फुटते, आणि हे घडलेलं आहे.

कड असलेल्या जुन्या .३०३ ब्रिटिशमध्ये पुंगळी खांद्यावर नव्हे, कडेवर टेकते आणि चेंबर पुढे ऐसपैस असतं. तिथे पहिल्या वेळी कडेच्या पुढे एक रबरी ओ-रिंग चढवतात, ती पुंगळीला मागे दाबून धरते. कामाचं तत्त्व तेच. पट्टावाल्या (बुडावर जाड पट्टा असलेल्या) मॅग्नम काडतुसांतही पुंगळी पट्ट्यावर टेकते म्हणून खांद्याकडे दुर्लक्ष होतं आणि दोन-तीन वेळांत ती तुटायला येते. खांद्याचं माप तिथेही घ्या.

शेवटी डाय. तुमची डाय खराब नाही आणि रायफलही नाही. डाय सगळ्यात लहान चेंबरलाही पुंगळी बसावी अशा मापाने बनवतात. तुमचं चेंबर मर्यादेतच आहे, पण मोठ्या बाजूला. दोन्हींतला फरक तुमच्या पितळाने भोगला. 'टेकव आणि पाव फेरा दे' हे सेटिंग कुणाच्याही रायफलमध्ये काडतूस बसावं यासाठी आहे, आणि तुम्हाला तुमच्या एका रायफलमध्ये बसवायचं आहे.

डायचे आटे सात-अष्टमांश इंचावर इंचाला १४. म्हणजे एक पूर्ण फेरा ७१ थाउ, पाव फेरा १८, आणि एक थाउ म्हणजे जेमतेम ५ अंश. हाताने ५ अंश मोजणं कठीण, म्हणून डायवर आणि प्रेसवर बारीक मार्करने रेघ ओढा. सुरुवात अर्धा फेरा वर ठेवून करा. पुंगळी साइझ करा, मोजा, रेघ किंचित पुढे न्या, पुन्हा मोजा. आकडा आधी वाढेल, मग घसरायला लागेल. चेंबरच्या मापाखाली दोन थाउ आला की लॉक रिंग आवळा, तीही रॅम (पुंगळी वर नेणारा प्रेसचा दांडा) वर असताना आणि पुंगळी आत असताना, म्हणजे आट्यांतला ढिलेपणा एका बाजूला गेलेला असतो. आवळल्यावर परत मोजा. दर वेळी नवी पुंगळी घ्या, एकच पुंगळी सहा वेळा साइझ करून आलेला आकडा पुढच्या पुंगळीला लागू पडत नाही. रॅमच्या टोकावर हात दोन सेकंद थांबवला की पितळ कमी परततं आणि आकडे जवळ जवळ येतात. डाय आणि शेल होल्डर घट्ट भिडवूनच काम करायला आवडत असेल तर रेडिंग कंपनीचे २, ४, ६, ८ आणि १० थाउ उंच असलेले शेल होल्डर मिळतात. तुमच्या बाबतीत डाय टेकवून ११ थाउ जातात, तर ८चा लावून पाहा, तीनच्या आसपास यायला हवं. १०चा लावला तर एक.

नव्या सेटिंगवर सगळ्यात आधी त्या ८ पुंगळ्या घ्या. त्यांचा खांदा अजून कधीच मागे गेलेला नाही, त्यामुळे डाय बसवायला तुमच्याकडे याच सगळ्यात प्रामाणिक आहेत. त्या भरून उडवल्या की त्यातली एक पुढे कधीही साइझ करू नका. उडवलेली, प्रायमर काढलेली, तशीच चेंबरच्या मापाची म्हणून डायच्या डब्यात ठेवा.